पोपड्यांची सिग्नेचर

परवा आचोळ्याच्या माझ्या दुकानात एक मुलगा बहिणीच्या साखरपुड्याचा बॅनर न्यायला आला. बॅनर टेबलावर उलगडला, मागचा निळा आणि केशरी रंग जिथे एकमेकांत शिरलेत तिथे बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, बॅकग्राउंड एआयने केलं ना?"

"नाही. मी केलं."

"भारी आहे. पण एआयचंच वाटतं."

"वाटू दे."

"प्रूफ आहे का?"

हसत हसत विचारलं त्याने. मनात काही वाईट नव्हतं बिचाऱ्याच्या. पण मी बॅनर गुंडाळला, रबर लावला आणि त्याच्या हातात ठेवला. "बहिणीला सांग, लवीनाताईने केलाय. एवढं प्रूफ पुरे."

तो गेल्यावर माझं मलाच जाणवलं, आवाज चढला होता. हाच प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा एआय नव्हता, हे दुकान नव्हतं, मी नुकतीच बीए झाले होते. त्या प्रश्नापायी माझी हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हणालात, तर तोच लिहिते. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल वेगळं काय सांगू? ते तुम्हाला दर नाक्यावर दिसतातच, नको असले तरी.

मी पाचूबंदरची. वसईच्या किल्ल्याच्या पलीकडे, जिथे रस्ता संपतो आणि होड्या सुरू होतात, तिथली. बाबा होडीवर, आय बाजारात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझं पदवीचं सर्टिफिकेट आयने ओल्टारीच्या, म्हणजे आमच्या देवघराच्या, शेजारी फ्रेम करून लावलंय, मेणबत्तीच्या उजेडात ते येशूच्या तसबिरीपेक्षा जास्त चमकतं. लोकांना हसू येतं. येऊ दे. ते कुणी आम्हाला वाढून दिलेलं नाही.

कॉलेजच्या दिवसांत वसई गावातल्या सायबर कॅफेत जायला लागले. नोकरीचे अर्ज कसे भरायचे ते बघायला म्हणून गेले आणि एका फुटबॉलच्या फोरमवर अडकले. आमच्या गल्लीत फुटबॉल सगळेच बघतात, त्यात नवल नाही. फोरम म्हणजे काय ते मात्र आता सांगावं लागतं. मोबाइलवरचे ग्रुप यायच्या आधी एका आवडीचे लोक एका वेबसाइटवर जमायचे. टोपणनाव घ्यायचं, एखादा विषय निघाला की त्याखाली प्रत्येकाने आपलं म्हणणं लिहायचं. आणि तुम्ही काहीही लिहा, नुसतं 'हो' लिहा, त्याच्याखाली तुमची स्वतःची एक चित्राची पट्टी आपोआप यायची. लांबीला टीचभर, उंचीला दोन बोटं. तिला सिग्नेचर म्हणायचे, लाडाने सिग. नाव वाचायच्या आधी सिगवरून कळायचं, कोण बोलतोय.

माझं टोपणनाव 'मांदेली'. परदेशातली मुलं विचारायची, म्हणजे काय? मी लिहायचे, लहान सोनेरी मासा, डोक्यासकट तळून खातात. त्यांना वाटायचं हा कुणीतरी धिप्पाड पुरुष असणार. मला सगळे 'ब्रो' म्हणायचे. मीही कधी दुरुस्त केलं नाही, निवांत काम करता यायचं.

तर या सिग बनवून देणारे काही जण फोरमवर असायचे आणि मी त्यांतली एक झाले. मोबदला काही नाही. 'छान झाली' एवढंच. इमेज एडिटिंगचं सॉफ्टवेअर कॅफेतल्या एकाच कॉम्प्युटरवर होतं, कोपऱ्यातल्या. कॅफेवाले डेरिक अंकल मला बघितलं की तिथल्या मुलाला उठवायचे. "ऊठ रे, आर्टिस्ट आली." त्यात निम्मी थट्टा असायची. मी निम्मीच घ्यायचे.

बहुतेकांना सिगमध्ये खेळाडू हवा असायचा. खेळाडूचा फोटो कापायचा, मागे धूर सोडायचा, नाव टाकायचं. मला ते जमायचं, पण आवडायचं नाही. मला आवडायची ती सिग जिच्यात कुणीच नाही. नुसता रंग, उजेड आणि हालचाल. ॲबस्ट्रॅक्ट. लोकांना वाटतं, ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे काहीही फासलेलं. तसं नसतं हो. सांगते.

आधी एखादा फोटो घ्यायचा, कशाचाही, अगदी भिंतीचा. त्याचा एक तुकडा मोठा करायचा. मग बोटाने ओला रंग ओढावा तसं माउसने तो रंग ओढायचं हत्यार असतं, त्याने रंग एका दिशेने न्यायचा. त्यावर दुसरा तुकडा पारदर्शक करून ठेवायचा. असे थरावर थर, त्यांना लेयर म्हणतात. एका थरातला काळोख पुसायचा म्हणजे खालचा उजेड वर येतो. आणि एवढं सगळं करताना एक जागा ठरवायची जिथे बघणाऱ्याची नजर येऊन बसेल. ती जागा मधोमध नको, थोडी कडेला हवी. बाकी सगळे रंग त्या जागेकडे चालत आले पाहिजेत. ती जागा नसेल तर ते नुसतं सांडलेलं असतं. पुढे एका सणाच्या पत्रिकेला मी असं बॅकग्राउंड केलं, तेव्हा आमच्या फादरनी चष्मा वर करून विचारलं होतं, "लवीना, हा स्वर्ग आहे का दुसरं ठिकाण?" मी म्हटलं, "फादर, स्वर्ग." ते म्हणाले, "मग लाल जरा कमी कर. लोक घाबरतील."

गिऱ्हाइकं तेव्हाही विचित्र असायची. इंग्लंडच्या एका माणसाचा क्लब खालच्या गटात ढकलला गेला. त्याने लिहिलं, सिग दुःखी हवी, पण हरल्यासारखी नको. एका ब्राझीलच्या मुलाने माझी हिरवी सिग परत परत नाकारली, कारण तो हिरवा शेजारच्या क्लबचा होता. मला सगळे हिरवे सारखेच. शेवटी मी घरासमोरच्या केळीच्या कोवळ्या पानाचा हिरवा घेतला. तेव्हा म्हणाला, हा माझा. आज दुकानात भावी नगरसेवक येतात आणि सांगतात, "मॅडम, मागे ते धुरासारखं टाका, पण माझ्या तोंडावर धूर नको." त्यांचं मला काही वाटत नाही. ब्राझीलने मला तयार केलंय.

आता मूळ गोष्ट.

फोरमवर सिगची स्पर्धा असायची. एकदा विषय दिला, फक्त ॲबस्ट्रॅक्ट, माणूस नको, वस्तू नको. बाकीचे सगळे कॉम्प्युटरवर बनवलेले चकचकीत आकार इंटरनेटवरून उतरवून वापरायचे. आमच्या कॅफेत ते उतरवायला बसलं तर जेवणाची वेळ यायची. म्हणून मी फोटो स्वतः काढायचे ठरवलं. माझी मामेबहीण एलायझा हिच्याकडे कुवेतहून आलेला डिजिटल कॅमेरा होता. तो मागून घेतला आणि बंदरावर गेले.

पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात. बाबांची होडी ताडपत्रीखाली होती. मोसम सुरू व्हायच्या आधी जुना रंग खरवडून नवा मारायचा असतो. पण अजून त्यांनी हात लावला नव्हता. होडीच्या कुशीला रंगाचे पोपडे सुटले होते. वर निळा, त्याच्या फटीतून पिवळा, पिवळ्याखाली लाल, लालखाली कधीचा तरी हिरवा, जो मी पाळण्यात असताना मारलेला असेल. दरवर्षीचा रंग मागच्या वर्षीच्या रंगावर बसलेला आणि खाऱ्या हवेने आता सगळे एकदम फुटलेले.

मी कॅमेरा लावून वाकले तशी बाबांनी हाक मारली. "काय गो लवी, फुटलेल्या रंगाचा फोटो काढतेस? नवा मारल्यावर काढ की."

"नवा नको बाबा, हाच पाहिजे."

"कोनाला दाखवणार?"

मी त्यांना फोरम समजावून सांगितला. प्रत्येक बोलण्याखाली एक पट्टी असते, पट्टीवरून माणूस ओळखतात. मला वाटलं, डोक्यावरून जाईल. बाबांनी विडीचा एक झुरका घेतला आणि म्हणाले, "म्हंजे आपला पट्टा."

पट्टा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगावं लागेल. आमच्या आळीत प्रत्येक घरच्या होडीच्या कडेला रंगांचा एक पट्टा असतो, त्या त्या घराचा. आमचा निळ्यावर पिवळा आणि मधून बारीक लाल रेघ. होडी खाडीच्या तोंडाशी आली की तिच्यावरचं नाव कुणाला वाचता येत नाही. पण बंदरावर टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका पट्ट्यावरून सांगतात, कुणाची आली. दुसऱ्याचा पट्टा कुणी मारत नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण मारत नाही. एकदा एकाने नवी होडी आणली आणि दुसऱ्या घरासारखेच रंग मारले, म्हणे आवडले म्हणून. त्याच्याशी कुणी भांडलंसुद्धा नाही. बायका फक्त त्याच्या होडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. रंग वाळायच्या आत त्याने तो खरवडला.

त्या पोपड्यांच्या फोटोतून मी सिग केली. खूप दुपारी गेल्या त्यात. निळा ओढत ओढत नेला आणि एका जागी लाल फुटू दिला. मांदेली हे नाव अगदी बारीक, खाली, कडेला. आजही सांगते, ते माझ्या हातून झालेलं चांगलं काम आहे. त्याआधी तसं झालं नव्हतं आणि त्यानंतर फार कमी वेळा झालं.

सिग पहिली आली. फोरमवर मंदार नावाचा एक मराठी मुलगा होता, टोपणनाव 'काजवा'. तो मालाडला मोबाइलचे गेम बनवणाऱ्या एका ऑफिसात होता. त्याने मला लिहिलं, आमच्याकडे गेमच्या मागची दृश्यं करायला माणूस हवाय, साहेबांना तुझी सिग दाखवली, ते म्हणाले भेटायला बोलव. मी उत्तरात लिहिलं, येते. त्याने विचारलं, येते? मी लिहिलं, हो, येते, मी मुलगी आहे. मग आलं, "सॉरी ब्रो."

घरी सांगितलं तेव्हा आय पाटावरून उठली आणि ओल्टारीसमोर मेणबत्ती लावून आली. ऑफिसातली नोकरी, तीही चित्रं काढायची. आमच्या घरात हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बाबा आळीत सांगत फिरले, "आमची लवी मालाडला गेम बनवनार." कुणी विचारलं, कसला गेम, तर म्हणायचे, "ते तिला ठाव."

आणि त्याच आठवड्यात आरोप आला.

फोरम चालवणाऱ्या मुलांपैकी एकाने स्पर्धेच्या पानावर लिहिलं, ही सिग चोरीची आहे. असे रंग, असं टेक्श्चर, म्हणजे पोत, विकतच्या संग्रहाशिवाय मिळत नाही, आणि ही व्यक्ती तर साध्या कॅफेतून येते. लेयरवाली फाइल दाखव.

हे नीट समजून घ्या. फोरमवर शिवीगाळ चालायची, भांडणं चालायची. पण दुसऱ्याचं काम आपलं म्हणून लावणं हा तिथला सगळ्यांत मोठा गुन्हा. आणि तुम्ही निर्दोष आहात हे दाखवायची रीत एकच. ज्या फाइलमध्ये सगळे थर वेगवेगळे असतात ती फाइल दाखवायची. चोराकडे वरचं चित्र असतं, थर नसतात.

माझ्याकडे थर नव्हते.

कॅफेतला तो कॉम्प्युटर म्हातारा होता. चार-पाच लेयर झाले की तो मान टाकायचा. म्हणून मी काम करता करता लेयर एकमेकांत मिसळून टाकायचे. दोन झाले की एक कर, पुढचे दोन, परत एक कर. शिवाय अंकलनी मशीनवर असं काहीतरी बसवलं होतं की बंद करून चालू केली की त्यावरचं सगळं साफ, सकाळी जशी होती तशी. रोज निघताना झालेलं चित्र तेवढं मी स्वतःला ईमेल करायचे आणि मेलमध्ये जागा नाही म्हणून आदल्या दिवशीचं काढून टाकायचे. लेयरवाली मोठी फाइल तर फ्लॉपीत मावायचीही नाही. ज्यांच्या घरात स्वतःचे कॉम्प्युटर होते त्यांना हे सुचणंच शक्य नव्हतं की कुणी आपले थर असे पुसत पुसत काम करत असेल.

ठीक, मूळ फोटो तरी दाखवू म्हणून एलायझाकडे धावले. ती म्हणाली, "अगो, त्या कार्डावर मग बाळाच्या बाप्तिस्म्याचे फोटो काढले ना. जागा नव्हती, तुझे ते भिंतीचे का कसले होते ते उडवले."

"भिंतीचे नव्हते."

"मग कशाचे होते?"

काय सांगणार? तशीच बंदरावर गेले. लांबूनच खरवडण्याचा आवाज आला. बाबांनी पत्र्याने होडीची सगळी कूस खरवडून लाकूड उघडं केलं होतं. पोपडे खाली चिखलात.

मी तिथेच बसले. बाबांनी विचारलं, "काय झालं?" सांगितलं. त्यांनी हातातला पत्रा खाली ठेवला. "मंग थांबायला सांगायचं ना गो."

"तुम्हाला काय माहीत."

"मला कशाला माहीत पायजे? तू सांगायचं." आणि मग, "त्यांना वाटतं तू दुसऱ्याचा पट्टा मारलास?"

"हो."

बाबा वाकले, चिखलातले मोठे मोठे पोपडे निवडले, लुंगीच्या सोग्याला पुसले आणि माझ्या ओंजळीत ठेवले.

तिकडे फोरमवाले म्हणाले, फाइल नाही तर तीच सिग परत करून दाखव. केली. मूळ फोटोशिवाय, नुसत्या आठवणीने. वेगळी झाली. हाताने ओढलेला रंग दुसऱ्यांदा तसाच कसा येईल? ते म्हणाले, बघा, जमली नाही. मग त्यांनी निकाल दिला. चूक कबूल करून माफी मागितली तर थोड्या दिवसांची बंदी. नाहीतर कायमची हकालपट्टी आणि सिगवर 'चोरीची' असा शिक्का.

मंदारने अंकलच्या कॅफेच्या फोनवर फोन केला. त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, घाईघाईने बोलणारा. "अगं, सॉरी लिहून टाक. 'दुसऱ्याचा रेफरन्स घेतला होता, सांगायचं राहिलं' एवढंच. विषय मिटेल. साहेबांनीसुद्धा ते पान वाचलंय."

"पण मी घेतला नव्हता."

"मला माहितेय. पण तिथे कोण तुला ओळखतं? टोपणनाव तर आहे. मांदेलीने सॉरी म्हटलं, लवीनाने नाही."

मुलगा चांगला होता. माझ्या भल्याचंच सांगत होता. म्हणून जास्त राग आला.

घरी आय त्याच्याच बाजूची. कोलंबी सोलता सोलता म्हणाली, "बोलून टाक गो. कुमसाराला जातेस ना? तिथे फादरसमोर बोलतेस ना, चुकलं म्हनून? तसंच बोलायचं."

"आय, कुमसाराला मी केलेलं सांगते. न केलेलं नाही."

"तोंड बघा हिचं! नोकरी जाईल त्याचं काय?"

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हने. बीए शिकवली ती जाऊ दे म्हनायला?"

"हो. त्यालाच."

आयने कोलंबीचं टोपलं उचललं आणि आत गेली. त्या संध्याकाळी बाबांनी रेडिओ लावला आणि बंद केला.

दुसऱ्या दिवशी मालाडला गेले. डब्यात पोपडे. ऑफिस थंडगार, काचेचं. साहेब चाळिशीचे, साधे, दाढीवाले. मंदार दाराशी उभा, माझ्यापेक्षा तोच घाबरलेला. मी डबा उघडून टेबलावर ठेवला. जरासा बोंबलाचा वास सुटला. डबा आमच्या घरचा, काय करणार. साहेबांनी स्क्रीनवर माझी सिग उघडली आणि एक मोठा पोपडा तिच्याशेजारी धरला. कडेने बघितला. निळा, पिवळा, लाल, हिरवा. त्याच क्रमाने. पोपडा खाली ठेवून हात पुसला आणि म्हणाले, "काम तुझं आहे. मला पटलं."



"आता एक कर," ते म्हणाले. "तिथे दोन ओळींत माफी लिही आणि सोमवारपासून ये."

"पटलं म्हणालात ना?"

"मला पटलं. पण आमचे गेम घेणारे लोक त्या फोरमवर असतात. उद्या कुणी म्हणेल, यांच्याकडे चोर कामाला आहे. मला डोक्याला ताप नको. दोन ओळी तर आहेत. इंग्लिशमध्ये आहेत, कुणी लक्षातही ठेवणार नाही."

"मी ठेवीन."

मंदार माझ्याकडे बघून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. साहेब चिडले नव्हते. उलट समजुतीने बोलत होते, लहान मुलाला औषध घे म्हणावं तसं. "बेटा, तू नवीन आहेस. या लाइनमध्ये इतकं ताठ राहून चालत नाही."

जो मला खोटी समजत होता त्याच्याशी मी भांडले असते. पण या माणसाला माहीत होतं की मी खरी आहे, आणि तरी तो मला खोटं बोलायला सांगत होता. मला आमच्या बंदरावरच्या बायका दिसल्या, पाठ करून उभ्या असलेल्या. मी सॉरी लिहिलं असतं तर त्यांनी नाही, मीच माझ्याकडे पाठ केली असती. हे सगळं तिथे सुचलं नाही, नंतर सुचलं. तिथे मी फक्त म्हटलं, "नाही लिहिणार." डब्याचं झाकण लावलं आणि निघाले.

वसईला उतरून घरी न जाता कॅफेत गेले. भर दुपार होती, अंकल पेपर तोंडावर घेऊन पडले होते. मी फोरम उघडला आणि माझ्या तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये लिहिलं. मराठीत सांगायचं तर असं: "ही सिग मी केली आहे. माझ्याकडे फाइल नाही. फोटो नाही. ज्याचा फोटो काढला तो रंगही माझ्या बाबांनी खरवडून टाकला. तरी ती माझी आहे. मी माफी मागणार नाही. काढायचं तर काढा. आणि मी ब्रो नाही."

काढलं. नोकरी गेली. मालाडचं ते ऑफिस पुढे मोठं झालं. ते गेम माझ्या भाच्याच्या मोबाइलवर होते, त्यांच्या मागची डोंगरदऱ्यांची दृश्यं मी त्याच्या खांद्यावरून बघायचे. मला वाईट वाटलं नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. खूप वाटलं. ते काम माझं होतं. मी पुढची काही वर्षं नालासोपाऱ्यात एका छापखान्यात बिलबुकं लावत काढली, मग हे दुकान टाकलं. आय कितीतरी दिवस माझ्याशी हातचं राखूनच बोलायची. पण आळीत कुणी विचारलं, काय झालं लवीच्या मालाडच्या नोकरीचं, तर आयचं उत्तर ठरलेलं, "तिनेच नाय घेतली." त्यात 'तिनेच'वर जोर असायचा.

यंदा गणपतीच्या आधी मंदार दुकानात आला. डोक्यावरचे केस गेलेले, चष्मा लागलेला. फोरम कधीचाच बंद पडलाय. पण त्याच्याजवळ आणि काही जुन्या मुलांजवळ त्याची सगळी पानं साठवलेली आहेत. त्यांतल्या चांगल्या सिग निवडून ते एक वेबसाइट करतायत, आठवण म्हणून. "तुझी पोपड्यांची घ्यायचीच आहे," तो म्हणाला. "पण त्या पानावर तो शिक्का आहे. ते आरोपबिरोप सगळं मी डिलीट करतो. नुसती सिग ठेवतो, खाली तुझं खरं नाव. कुणाला कळणारही नाही की असं काही झालं होतं."

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सिग दिसली. इतक्या वर्षांनी. लाल अजून तिथेच फुटतोय. खाली शिक्का. त्याखाली आरोप, टिंगल, हसणारे चेहरे, कुणीतरी लिहिलेलं 'मासे विक जा'. मी खाली खाली गेले. सगळ्यांत शेवटी माझं होतं. व्याकरणाच्या चुकांसकट.

मी ते मोठ्याने वाचलं. बॅनर न्यायला आलेल्या दोन बायका ऐकत उभ्या राहिल्या. मंदार म्हणाला, "करू ना डिलीट?"

"नको."

"अगं, लोक वाचतील. चोर म्हणतील तुला."

"म्हणू देत. ते काढलंस तर त्याखालचं माझं उत्तरही जाईल. ठेव तसंच."

त्याने ठेवलं.